नाव न सांगता जोडीदाराला कळवता येतं?

गुप्तरोगाचं निदान झालं की ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या माणसाला आजाराइतकीच धास्ती असते ती ‘कुणाला कळलं तर?’ याची. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून तो दोन स्टेशनं पुढचा डॉक्टर गाठतो, गोळ्या घेतो आणि सुटलो म्हणतो. जोडीदाराला सांगायचं मात्र राहूनच जातं. परमा किंवा क्लॅमिडियावर एकट्यानेच उपचार घेतले, तर तोच संसर्ग जोडीदाराकडून पुन्हा अंगावर येऊ शकतो.

ही अडचण ओळखून सॅन फ्रान्सिस्कोत २००४ मध्ये ‘इनस्पॉट’ ही सेवा सुरू झाली. तिच्यावरून जोडीदाराला निनावी ई-कार्ड पाठवता येई. ऑस्ट्रेलियात मेलबर्न सेक्शुअल हेल्थ सेंटरची ‘लेट देम नो’ ही सेवा एसएमएस पाठवते. अशा सेवांबद्दलचा पहिला गैरसमज म्हणजे त्या फोन चाळून परस्पर सगळ्यांना कळवतात. कोविडच्या काळातल्या ‘आरोग्य सेतू’ची आठवण त्यामागे असावी. ते अ‍ॅप ब्लूटूथवरून जवळ आलेल्या फोनची नोंद ठेवत असे. इथे तसं काही नसतं. नंबर किंवा ई-मेल पत्ता माणूस स्वतः टाकतो, कुणाला कळवायचं ते स्वतः ठरवतो. आणि या दोन्ही सेवा मुळात वेबसाइटवरच्या, त्यामुळे फोनवर अ‍ॅपचं चिन्हही दिसत नाही.

दुसरा गैरसमज उलट्या टोकाचा आणि जास्त घातक: निनावी म्हणजे सुरक्षित. डोंबिवलीतल्या वन-बीएचकेमध्ये फोन ओट्यावर चार्जिंगला लावलेला असतो. स्क्रीन उजळते आणि ‘तुमच्या जोडीदाराला संसर्ग आढळला आहे, तपासणी करून घ्या’ हे शब्द जिचा फोन आहे तिच्याआधी सासू वाचते. शिवाय ज्या बाईचा संबंध फक्त नवऱ्याशी आहे, तिला निनावी निरोप कुणाचा हे लगेच समजतं. पाठवणाऱ्याचं नाव झाकता येतं. घरातल्या फोनवर आलेला निरोप झाकता येत नाही. म्हणून चांगल्या सेवेने लॉक स्क्रीनवर दिसेल असा मजकूर मोघम ठेवायला हवा, आजाराचं नाव पुढच्या टप्प्यावर सांगायला हवं.

त्यात आपल्याकडे एसएमएसवर विश्वास उरलेला नाही. अनोळखी नंबरवरून आलेली लिंक उघडू नका, असं बँका आणि पोलीस सतत बजावतात, आणि ते योग्यच आहे. त्यामुळे परदेशी सेवेचा निरोप इथे फसवणूक समजून पुसला जाण्याचीच शक्यता जास्त.

माहितीचं पुढे काय होतं, हा प्रश्नही फाजील नाही. ‘ग्राइंडर’ हे डेटिंग अ‍ॅप वापरणाऱ्यांच्या एचआयव्ही स्थितीची माहिती दोन बाहेरच्या कंपन्यांकडे जात असल्याचं २०१८ मध्ये उघड झालं. सिंगापूरमध्ये २०१९ साली सरकारी नोंदवहीतल्या १४,२०० एचआयव्हीबाधितांची माहिती फुटली. खात्री देणारी गोष्ट एकच: निरोप गेल्यावर नंबर साठवूनच न ठेवणारी सेवा. जे साठवलेलं नाही, ते फुटत नाही.

‘निरोप आला म्हणजे जोडीदाराने फसवलं,’ ही समजूत तर संसार मोडते. क्लॅमिडिया असलेल्या बहुतेक स्त्रियांना लक्षणंच जाणवत नाहीत. तो महिनोन्‌महिने अंगात राहू शकतो. आज निदान झालं म्हणून संसर्गही आजचाच, असं धरता येत नाही. कुणाकडून कुणाला झाला, हे एका रिपोर्टवरून सांगता येत नाही.

एचआयव्हीच्या बाबतीत ‘दवाखाना घरी कळवतोच’ ही भीतीही कायद्याला धरून नाही. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू असलेल्या २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार काही अपवाद वगळता माणसाची स्थिती त्याच्या संमतीशिवाय उघड करता येत नाही. जोडीदाराला सांगण्याची मुभा फक्त डॉक्टर किंवा समुपदेशकाला आहे. तीही आधी रुग्णाला स्वतः सांगायला समजावून, तो सांगणार नाही अशी खात्री पटल्यावर आणि आपला इरादा त्याला कळवून. रुग्ण बाई असेल आणि सांगितल्याने तिच्यावर हिंसा ओढवण्याची रास्त भीती असेल, तर तिच्या जोडीदाराला सांगायचं नाही. हा विवेक कुठल्याही अ‍ॅपपाशी नाही, समोर बसलेल्या समुपदेशकापाशी असतो.

असे समुपदेशक लांब नाहीत. ठाण्याचं जिल्हा रुग्णालय, कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचं रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीचं शास्त्रीनगर ही सरकारी-पालिका रुग्णालयं जवळच आहेत. तिथे गुप्तरोगांसाठीच्या सरकारी ‘सुरक्षा क्लिनिक’ची चौकशी करा. अशा क्लिनिकमध्ये तपासणी, समुपदेशन आणि लक्षणांनुसार ठरवलेल्या रंगीत किटमधली औषधं मोफत मिळतात, जिथे गरज असेल तिथे जोडीदारावरही उपचार होतात. दोघांनी एकाच वेळी औषध घ्यावं आणि त्यानंतर सात दिवस संबंध टाळावेत. रुग्णालयात जायचा धीर होत नसेल, तर राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेची (नाको) १०९७ ही हेल्पलाइन मोफत आहे. आधी तिथे फोन करा.