दुरून मिळणारा धीर

कर्करोगावरील उपचार पूर्ण झाले, की घरी पेढे वाटले जातात. आप्तेष्ट म्हणतात, 'सुटका झाली एकदाची!' परंतु रोगमुक्त माणसाच्या मनात पुष्कळदा त्याच सुमारास भीती घर करू लागते. रुग्णालयात डॉक्टर तपासत, परिचारिका विचारपूस करीत. तो आधार एकाएकी सुटतो. मग साधा खोकला आला किंवा पाठीत चमक निघाली, तरी रोग परतला असे वाटते. फेरतपासणीची तारीख जवळ आली, की झोप उडते. हे बोलावयाचे तरी कोणाजवळ? घरच्यांनी आधीच पुष्कळ सोसलेले असते.

फिट्झ्यू मुलन हे अमेरिकन डॉक्टर स्वतः या व्याधीतून उठले होते. १९८५ साली लिहिलेल्या एका लेखात त्यांनी अशा जीवनाचे तीन ऋतू कल्पिले : पहिला निदानाचा व उपचारांचा, दुसरा उपचारांनंतर वाट पाहण्याचा, तिसरा रोग कायमचा गेला असे मानता येण्याजोगा. भीतीचा अंमल विशेषतः दुसऱ्या ऋतूत असतो. आणि नेमक्या त्याच काळात रुग्ण रुग्णालयापासून दूर, आपल्या घरी असतो. गोवा, बेळगाव वा इंदूर येथून मुंबईला, परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात उपचार घेऊन परतलेल्या माणसाने तासाभराच्या संभाषणासाठी पुन्हा तेवढा प्रवास करावा, ही अपेक्षाच व्यर्थ होय. म्हणून दूरध्वनीचे महत्त्व.

या संभाषणात काय घडते? 'रोग परत येणार नाही,' असे वचन समुपदेशक देत नाही. तसे वचन कोणालाच देता येत नाही. कोणते लक्षण डॉक्टरांना कळवावयाचे, कोणत्या लक्षणासाठी किती दिवस थांबावयाचे, हे तो डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवून देतो. कोणी दिवसातून वीस वेळा शस्त्रक्रियेची जागा चाचपून पाहते. तेथे तपासणीचा एकच दिवस नेमून दिला, तर उरलेले दिवस मोकळे होतात. भीती केव्हा येते याची टिपणे ठेवणे, तिच्यावरून लक्ष हलविण्याचा सराव करणे, लांबणीवर टाकलेली कामे पुन्हा हाती घेणे, असे हे साधेच, पण चिकाटीचे काम आहे. ऐकणारा डोळ्यांसमोर नसल्याने काहींना उलट बोलणे सोपे जाते. ख्रिस्ती मंदिरातील पापनिवेदनाची जाळी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे सांगावयास नको. मात्र येथे क्षमेचा प्रश्न नसतो; भिणे हे काही पाप नव्हे.

ऐकणारा मनुष्य हवाच का? नेदरलँड्समधील दोन प्रयोग येथे बोलके आहेत. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तीव्र भीती असलेल्या ८८ व्यक्तींपैकी काहींना मानसशास्त्रज्ञाच्या प्रत्यक्ष भेटी व त्यांच्या जोडीला दुरून साहाय्य देण्यात आले. त्यांची भीती इतरांपेक्षा अधिक ओसरली. २०२० सालच्या प्रयोगात स्तनाच्या कर्करोगातून बऱ्या झालेल्या २६२ स्त्रिया होत्या. त्यांतील काहींना संगणकावरून आपले आपणच शिकण्याचे पाठ दिले, मार्गदर्शक कोणी नव्हता. त्याचा गुण दिसला नाही. दोन्हीकडील निवड सारखी नव्हती, तेव्हा तुलना जपूनच करावी. तथापि अंतरापेक्षा एकटेपण अधिक बाधते, असे मानण्यास जागा आहे.

अडचणीही आहेत. एका खोलीच्या घरात, मुलाच्या मोबाइलवर, सून शेजारी बसली असता सासू 'हो, बरं आहे' यापलीकडे काय बोलणार? म्हणून जाणता समुपदेशक आधी विचारतो, 'आपण एकट्या आहात ना?' जवळच्या एका माणसाचे नाव व नजीकचे रुग्णालय तो पहिल्याच दिवशी टिपून घेतो. कारण जीव नकोसा झाल्याचे कोणी सांगितले, तर केवळ आवाज पुरत नाही, कोणीतरी दारात उभे राहावे लागते.

भारत सरकारची 'टेलि-मानस' ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर ती अहोरात्र व विनामूल्य मिळते आणि मराठीतही बोलता येते. ती केवळ कर्करोगासाठी नाही. म्हणून आपल्यावर कोणते उपचार झाले व ते केव्हा संपले, हे आरंभीच सांगावे आणि रुग्णालयाचे कागद हाताशी ठेवावेत.