हाड जुळतं ते पोटातून

गिनीपिगच्या पुढच्या पायांना चार-चार बोटं असतात, मागच्यांना तीन-तीन. पाय आखूड आणि नाजूक, त्यावर किलोभर वजनाचं गुबगुबीत अंग. बाजारातल्या पुष्कळ पिंजऱ्यांचा तळ मात्र तारेच्या जाळीचा असतो, लेंड्या खाली पडाव्यात आणि साफसफाई सोपी व्हावी म्हणून. दचकून पळताना मागचा पाय जाळीत अडकतो, प्राणी जिवाच्या आकांतानं तो ओढतो आणि नडगीचं हाड मोडतं. लहान मुलाच्या हातून निसटून फरशीवर पडणं, हे दुसरं नेहमीचं कारण. मग पाय ओढत चालणारा हा जीव खोक्यात घालून कुठेतरी सोडून दिला जातो आणि नशीब बरं असेल तर एखाद्या प्राणिमित्राच्या हाती लागतो.

उचलताना एक हात छातीखाली आणि दुसरा ढुंगणाखाली हवा. मान धरून कधीच उचलू नये. घरच्या घरी काडी-पट्टी बांधण्याच्या फंदात पडू नये. खोक्यात मऊ कापड, मूठभर गवत, लपायला आडोसा एवढं करावं आणि डॉक्टर गाठावेत. उपाशी मात्र ठेवू नये. या प्राण्याला उलटी होत नाही आणि त्याचं आतडं सतत चालू राहावं लागतं. बारा-चोवीस तास पोटात काही गेलं नाही तर आतड्याची हालचाल मंदावते, आणि मोडलेल्या हाडापेक्षा तेच आधी जीव घेतं.

आता मुद्द्याची गोष्ट. लंगडतोय म्हणजे पाय मोडलाच, असं नव्हे. माणसासारखंच गिनीपिगच्या शरीरालाही क जीवनसत्त्व तयार करता येत नाही. उंदीर, कुत्रा, गाय यांना ते जमतं. 1907 मध्ये नॉर्वेत ॲक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रोलिख हे संशोधक खलाशांच्या एका आजाराचा शोध घेत होते. त्यांनी गिनीपिगना नुसत्या धान्यावर ठेवलं, तर त्यांना चक्क स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावानं होणारा आजार झाला. प्रयोगाला उंदीर घेतले असते तर हे दिसलंच नसतं.

सोडून दिलेल्या गिनीपिगला अनेकदा असंच नुसतं धान्य, पोळीचे तुकडे, भात, बिस्किटं मिळालेली असतात. काही आठवड्यांत सांधे सुजतात, सांध्यांभोवती रक्त साकळतं, हात लावला की तो किंचाळतो आणि पाय टेकत नाही. बाहेरून हे अगदी मुका मार लागल्यासारखं दिसतं. म्हणून एक्स-रे हवाच, आणि सोबत त्याच्या आधीच्या खाण्याची जमेल तितकी चौकशीही. हाड खरंच मोडलेलं असलं तरी हा प्रश्न सुटत नाही. कारण हाड जुळायला कोलॅजन लागतं आणि क जीवनसत्त्वाशिवाय धड कोलॅजन बनत नाही. कितीही सफाईनं बांधलेलं स्प्लिंट ही उणीव भरून काढत नाही.

आजारी गिनीपिगला रोज वजनाच्या किलोमागे साधारण 30 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व लागतं. 100 ग्रॅम हिरव्या ढोबळी मिरचीत ते 80 मिलिग्रॅमच्या आसपास असतं, म्हणजे मध्यम मिरचीच्या चतकोर फोडीत दिवसाची गरज भागते. कोथिंबीर द्यावी. पेरूची छोटी फोड चालते, पण त्यात साखर असते, तेव्हा हात आखडता ठेवावा. पाण्यात थेंब टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो पटत नाही. पाण्यात हे जीवनसत्त्व लवकर नासतं आणि चव बदलल्यामुळे प्राणी पाणीच कमी पितो. दुकानातल्या गोळ्यांच्या खाद्यातलंही ते काही महिन्यांत कमी होत जातं, म्हणून पाकिटावरची तारीख बघावी.

खाण्याचा मोठा हिस्सा गवताचाच हवा. फवारणी नसलेली हराळी हे प्राणी आवडीनं खातात. लसूणघास आणि गवत एकच समजू नये: लसूणघासात कॅल्शियम भरपूर असतं. हाडासाठी ते चांगलंच, असं आपल्याला वाटतं. पण मोठ्या वयाच्या गिनीपिगला त्यातून मूतखडे होऊ शकतात.

तो स्वतः खात नसेल तर भरवावं लागतं. मांडीवर जुनी चादर घ्यायची, त्याची पाठ आपल्या पोटाशी टेकवायची. गोळ्यांचं खाद्य भिजवून पातळसर लगदा करायचा. बिनसुईच्या सिरिंजचं टोक समोरून न घालता पुढच्या दातांमागच्या फटीत बाजूनं सरकवायचं आणि थेंब-दोन थेंब सोडून थांबायचं. जबडा चालू लागला, घास गिळला, की पुढचे थेंब. घाई केली तर लगदा थेट फुप्फुसात जातो. रोज ठरल्या वेळी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करून वहीत लिहावं. हा भक्ष्य प्राणी आहे, दुखणं लपवणं त्याच्या रक्तात आहे. वाकून बसणं, केस फुलवणं, दात खाणं ही लक्षणं उशिरा ध्यानात येतात; काटा आधी सांगतो.

दुखणं असलं की तो खात नाही, म्हणून वेदनाशामक ही चैन नव्हे. ते डॉक्टरांनी वजन बघूनच द्यावं, आपल्या औषधांच्या डब्यातलं काहीही नको. अँटिबायोटिकबाबत तर फारच जपायला हवं. तोंडावाटे दिलेलं पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन किंवा क्लिंडामायसिन गिनीपिगच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मारतं, घातक जिवाणू माजतात आणि प्राणी दगावू शकतो. कुत्र्यामांजरांना ही औषधं नेहमी दिली जातात. म्हणून ससे-गिनीपिग पाहण्याचा सराव असलेला डॉक्टरच शोधावा, आणि हातात आलेल्या औषधाचं नाव निःसंकोच विचारावं.

स्प्लिंट हलकं हवं, कारण तो ते कुरतडतो. मानेत कॉलर शक्यतो नको. गिनीपिग आपल्या मऊ लेंड्या पुन्हा खातो आणि त्यातून त्याला पोषण मिळतं. कॉलर ती वाट बंद करते. बोटं रोज बघावीत. ती गार, निळसर किंवा सुजलेली दिसली, पट्टी लघवीनं भिजली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं. साधारण चार ते सहा आठवडे त्याला लहान, सपाट जागेत ठेवावं. चढ-उतार, मजले काही नको. उन्हाळ्यात जागा थंड हवी, तिशीच्या वरचं तापमान त्याला सोसत नाही. जोडीदार असेल तर मधे जाळी लावून शेजारी ठेवावा. हा कळपातला जीव आहे, एकटा पडला की खाणं सोडू शकतो. स्वित्झर्लंडमध्ये 2008 पासून गिनीपिगला एकटं पाळायला कायद्यानंच मनाई आहे.

कधी हाड इतकं चुरतं, की पाय काढावा लागतो. ऐकून काळजात चर्र होतं, पण तीन पायांवर हे प्राणी चांगले वावरतात. मात्र सगळा भार उरलेल्या पायांवर येतो, आणि टाचेला फोड येऊन त्यात पू होण्याचा धोका वाढतो. ओलं अंथरूण, वाढलेलं वजन आणि जाळीचा तळ यांनी तो आणखी वाढतो. म्हणून जुना जाळीचा पिंजरा परत वापरायचा नाही. तळ भक्कम, वर मऊ आणि कोरडं अंथरूण. पट्टी सुटल्यावरही दर आठवड्याला त्याला मांडीवर घेऊन टाचा बघाव्यात. तिथे लाली दिसली किंवा केस झडलेले दिसले, की अंथरूण बदलावं आणि पाय डॉक्टरांना दाखवावा.