उन्हातला चेहरा

भर दुपारच्या उन्हात अंगणात कोणाचे छायाचित्र काढले, तर कपाळ व नाक झळझळते आणि डोळ्यांच्या जागी दोन काळ्या खाचा दिसतात. माझ्या आजीचे एकमेव छायाचित्र असेच आहे. तिचे डोळे कसे होते, हे त्यावरून कळत नाही.

अशा वेळी छायाचित्रकार फ्लॅश नावाचा, लखकन चमकणारा दिवा वापरतात. पण तो कॅमेऱ्याच्या माथ्यावरच असला, तर प्रकाश समोरून सरळ पडतो आणि चेहरा थाळीसारखा सपाट दिसतो. म्हणून जाणकार तो कॅमेऱ्यापासून वेगळा करून बाजूला, डोळ्यांहून थोडा उंच उभा करतात. मग डोळे उजळतात, दुसऱ्या गालावर हलकी छाया राहते आणि नाकाला उठाव येतो.

खरी मौज पुढे आहे. फ्लॅशची चमक निमिषमात्र असते. कॅमेऱ्याचे शटर त्याहून अधिक वेळ उघडे राहते. ही वेळ कमी केली, की उन्हाचा वाटा घटतो, आकाश गडद होते; फ्लॅशचा वाटा मात्र तेवढाच राहतो! अर्थात यालाही मर्यादा आहे. शटरला दोन पडदे असतात. पुष्कळ कॅमेऱ्यांत १/२०० किंवा १/२५० सेकंदाहून वेळ कमी केली, तर चमकेच्या क्षणी दुसरा पडदा वाटेतच असतो, आणि चित्राचा एक पट्टा काळवंडतो.

दिवा एक मीटरवरून दोन मीटरवर नेला, तर चेहऱ्यावरचा प्रकाश निम्मा नव्हे, चौथाई उरतो. तेव्हा उन्हाशी झुंजायचे, तर दिवा जवळच हवा. वाऱ्याने तो कलंडू नये म्हणून स्टँडच्या पायाशी वाळूची पिशवी ठेवतात. अंगणातल्या चार विटाही चालतात.