पांढऱ्या मासळीचा बाजार : मुद्दल खाल्ले की दुकान बंद

आमच्या सावेडीला समुद्र नाही. पापलेट येते ते बर्फात, दुरून. भाव ऐकून गिऱ्हाईक माघारी फिरते आणि विक्रेत्याला बोल लावते. पण भाव विक्रेता ठरवत नाही, आवक ठरवते. म्हणून आवकेचा हिशोब समजून घेऊ.

जगाच्या बाजारात ‘पांढरी मासळी’ म्हणजे कॉड, हॅडॉक, पोलॉक, हेक हे थंड समुद्रातले मासे. मांस पांढरे, चरबी कमी. कॉडच्या यकृताचे तेल आपल्याकडे मुलांना पाजत असत, तोच हा मासा.

आम्ही कापडवाले. कापसाचे पीक एका साली बुडाले तरी पुढच्या साली पेरता येते. माशाचे तसे नाही. समुद्रातला साठा हे मुद्दल, दरसालची वाढ हे व्याज. व्याज खावे, मुद्दलाला हात लावू नये.

कॅनडाच्या न्यूफाउंडलंडने हा नियम मोडलेला पाहिला. १९६८ साली परदेशी जहाजांसह तिथे सुमारे ८ लाख टन कॉड पकडला गेला. पुढे साठाच आटला. २ जुलै १९९२ रोजी सरकारने मासेमारी बंद केली. सुमारे ३० हजार लोकांचा रोजगार गेला. ३२ वर्षांनी, २०२४ मध्ये बंदी उठली तेव्हा परवानगी मिळाली फक्त १८ हजार टनांची!

आइसलंडने दुसरी वाट धरली. १९९५ पासून साठ्याच्या चौथ्या हिश्शापर्यंतच कॉड पकडायचा असे ठरले. पुढे हा हिस्सा पाचवा केला. तिथला धंदा चालू आहे. नॉर्वे आणि रशिया बॅरेंट्स समुद्रातील कॉडचा कोटा मिळून ठरवतात. २०१३ साली तो १० लाख टन होता. साठा घटत गेला, तसा कोटाही उतरला. २०२५ साठी ३ लाख ४० हजार टनच ठेवला.

आता आपल्या घरचा हिशोब. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या आकड्यांनुसार महाराष्ट्रात २०१८ साली २ लाख ९५ हजार टन मासळी उतरली. २०१९ साली २ लाख १ हजार टन, ४५ वर्षांतली सर्वांत कमी. त्या साली वादळांनी बोटी किनाऱ्यावर अडकल्या हे खरे, आणि एका सालावरून कल ठरत नाही. पण पापलेटची घट जुनी आहे. बारीक आसाच्या जाळ्यांत अंडी घालण्याआधीच पिल्ले सापडतात. पालघरजवळच्या सातपाटीचे मच्छीमार यासाठीच ओरडत होते. २०२३ मध्ये राज्याने पापलेटला राज्यमासा केले आणि अनेक जातींच्या पकडीसाठी किमान लांबी ठरवली.

कायदा जाळ्यापर्यंत पोहोचेल तेव्हा पोहोचेल. आपला हात मात्र टोपलीपर्यंत पोहोचतो. तळहातापेक्षा लहान पापलेट स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. तो सौदा स्वस्त नाही, ते आपल्याच मुलांचे मुद्दल आहे.