नावाआधीची एकोणीस वर्षे

मंगळाचे रत्न म्हणून आपल्याकडे घरोघरी परिचित असलेले लाल पोवळे खाणीत सापडत नाही. समुद्रतळाशी वसाहत करून राहणाऱ्या चिमुकल्या जीवांनी घडविलेला तो सांगाडा होय. या प्रत्येक जीवाच्या तोंडाभोवती आठ स्पर्शिका असतात. म्हणून शास्त्रज्ञ त्यांच्या वर्गाला अष्टभुज प्रवाळ म्हणतात. मृदू प्रवाळे आणि पंख्यासारखी वा चाबकासारखी दिसणारी लवचीक प्रवाळे याच वर्गात मोडतात. कठीण प्रवाळांप्रमाणे ती प्रचंड भित्ती उभारीत नाहीत; त्यांच्यापैकी बहुतेकांच्या देहात चुन्याचे सूक्ष्म कण तेवढे विखुरलेले असतात.

२०२५ साली या वर्गात एका नव्या जातीची रीतसर भर पडली. तिची कथा मात्र १९ वर्षे आधी सुरू झाली होती.

२००६ साली हवाई द्वीपसमूहातील मोलोकाई बेटाजवळच्या खोल समुद्रात, जेथे सूर्यप्रकाश पोहोचत नाही अशा खडकाळ तळावर, एक प्रवाळ एकटेच उभे असलेले दिसले. त्याची उंची सुमारे १.२ मीटर होती आणि मधल्या दांड्यापासून निघालेल्या लांब, लवचीक शाखा केसांसारख्या लोंबत होत्या. पुढे २०१६ मध्ये, तेथून सुमारे ६,००० किलोमीटर दूर, मारियाना गर्तेच्या परिसरात त्याच ठेवणीचे प्रवाळ पुन्हा आढळले. ते मात्र जेमतेम अर्धा मीटर उंचीचे होते.

दोनदा दर्शन घडले, एवढ्यावरून नवी जात सिद्ध होत नाही. वय आणि परिस्थिती यांनुसार एकाच जातीच्या वसाहती निरनिराळ्या दिसू शकतात, तर भिन्न जाती वरकरणी सारख्या भासतात. म्हणून शाखांची रचना मोजावी लागते, चुन्याचे कण सूक्ष्मदर्शकाखाली तपासावे लागतात, जनुकीय तुलना करावी लागते आणि पूर्वी वर्णन झालेल्या प्रत्येक जवळच्या जातीशी पडताळा घ्यावा लागतो. शेवटी एक प्रमाण नमुना संग्रहालयात जपून ठेवला जातो. बँकेतील नमुना स्वाक्षरीचे जे काम, तेच त्याचे. उद्या कोणी शंका घेतली, तर मिलावणी त्याच्याशीच करावयाची.

हे काम मानोआ येथील हवाई विद्यापीठाचे लेस वॉटलिंग आणि चिनी विज्ञान अकादमीच्या सागरविज्ञान संस्थेतील संशोधक यांनी मिळून केले. त्यांचे वर्णन 'झूटॅक्सा' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि प्रवाळाला नाव मिळाले, 'इरिडोगोर्जिया च्यूबॅका'. नावाचा पूर्वार्ध १८८३ सालापासून रूढ असलेल्या प्रजातीचा आहे. उत्तरार्ध 'स्टार वॉर्स' चित्रपटमालिकेतील च्यूबॅका या उंच, केसाळ पात्रावरून घेतला आहे. शास्त्रज्ञांच्या गंभीर चेहऱ्याआड विनोदबुद्धी असते, याचा हा गोड पुरावा.

नावाचे महत्त्व केवळ कौतुकापुरते नाही. खोल समुद्रातील प्रवाळे अत्यंत सावकाश वाढतात. हवाईजवळच्या काही काळ्या प्रवाळांचे वय ४,००० वर्षांहून अधिक असल्याचे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. अशा तळावरून मासेमारीचे अवजड जाळे एकदा ओढले गेले, तर शतकांची वाढ काही क्षणांत नाहीशी होते. पश्चिम प्रशांत महासागरातील सागरी पर्वतांवर कोबाल्टयुक्त थर आहेत आणि ते काढण्याची योजना आखणाऱ्यांची नजर त्यांच्यावर आहे. तेथे काय नष्ट होईल, हे सांगावयाचे तर तेथे काय आहे याची यादी प्रथम हवी, आणि यादीत अनामिकाला जागा नसते. कायदाही नाव विचारतो. भारतात २००१ साली समुद्रपंखा प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच लाभले, ते त्यांचा अनुसूचीत स्पष्ट उल्लेख झाल्यामुळेच.

च्यूबॅका प्रवाळाला या नामकरणाची वार्ताही नाही. अंधारात, थंड पाण्यात शाखा पसरून, वाहत येणारे अन्नकण टिपीत ते पूर्वीसारखेच उभे असेल. फरक पडला आहे तो माणसाच्या वहीत. तेथे आता त्याच्या नावाने एक ओळ आहे, आणि ज्याची नोंद आहे, त्याचा हिशेब कधीतरी मागता येतो.