फटफट्यांची दिंडी

धर्माबादजवळ गोदावरीच्या काठी बासर हे गाव आहे. ते आता तेलंगण राज्यात येते. तिथे सरस्वतीचे मोठे देऊळ आहे. वसंत पंचमीला आपल्या भागातले पुष्कळ लोक तिथे जातात. लेकरांकडून पाटीवर पहिले अक्षर गिरवून घेतात. आता गावातल्या आठ-दहा फटफट्या, म्हणजे मोटारसायकली, मिळून निघतात.

मिळून जाणे चांगलेच. वाटेत चाक पंक्चर झाले तर मदतीला माणूस असतो. पण मिळून जाणे वेगळे आणि घोळक्याने जाणे वेगळे. घोळक्यात चढाओढ लागते. दोघे जण शेजारी-शेजारी गाडी चालवत गप्पा मारतात. समोरून ट्रक आला, की सरकायला जागा उरत नाही.

पंढरीची दिंडी तुम्ही पाहिली असेल. माणसे पुष्कळ, पण गोंधळ नाही. कारण प्रत्येकाची जागा ठरलेली असते. चोपदार शिस्त राखतो. मोटारसायकलींचेही तसेच करावे.

निघण्याआधी सर्वांनी एकत्र बसावे. कुठे थांबायचे ते ठरवावे. ब्रेक, दिवे, चाकातली हवा आणि पेट्रोल पाहावे. वाट माहीत असलेला, शांत डोक्याचा माणूस सर्वांत पुढे ठेवावा. दुसरा जाणता माणूस सर्वांत शेवटी. नवशिक्याला पुढच्या माणसाच्या लगेच मागे ठेवावे. असे का? तो मागे पडला, तर इतरांना गाठायला गाडी जोरात पळवतो. तिथेच घात होतो. म्हणून सर्वांत हळू चालवणाऱ्याचा वेग, तोच सगळ्यांचा वेग!

दोन गाड्यांत अंतर हवे. किती? पुढची गाडी एखाद्या झाडापाशी गेली, की मनात दोन सेकंद मोजा. त्याआधी तुम्ही झाडापाशी पोहोचलात, तर फार जवळ आहात. ताशी 40 किलोमीटर वेगाने गाडी दोन सेकंदांत 22 मीटर जाते. पावसात हे अंतर दुप्पट ठेवा. अरुंद रस्त्यावर, वळणावर आणि पुलावर एकामागे एक चला.

आता मुख्य नियम. आपल्या मागच्या गाडीवर आरशातून लक्ष ठेवा. रस्ता फुटतो तिथे मागचा दिसेपर्यंत थांबा. त्याला वळण दाखवा, मगच पुढे जा. सर्वांनी एवढे केले, तर कोणी चुकत नाही. कोणी मागे अडला, तर ते लगेच कळते.

पुढच्याने ट्रकला मागे टाकले, म्हणून आपणही डोळे झाकून जाऊ नये. त्याच्यासाठी रस्ता मोकळा होता. तुमच्यासाठी असेलच असे नाही. स्वतः पाहा, मग जा. उसाच्या ट्रॉलीला आणि बैलगाडीला मागे दिवा नसतो. म्हणून अंधार पडण्याआधी घरी परता.

एका गाडीवर दोघेच बसावे. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात तसे सांगितले आहे. चालवणाऱ्याने आणि मागे बसणाऱ्यानेही हेल्मेट घालावे. त्याचा पट्टा हनुवटीखाली घट्ट बांधावा. पट्टा सैल असला, तर पडताना हेल्मेट आधी उडून जाते.

अपघात झालाच, तर सर्वांनी गाड्या रस्त्याच्या कडेला लावाव्यात. एकाने 108 या नंबरवर फोन करावा. रक्त वाहत असेल, तर स्वच्छ कापडाने दाबून धरावे. एकाने मागे जाऊन येणाऱ्या गाड्यांना हात दाखवावा. "पोलिसांचं लचांड मागं लागंल," असे म्हणून पळू नका. जखमीला मदत करणाऱ्यावर नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. 2019 साली कायद्यात तशी सुधारणा झाली आहे.

तुम्हाला आता वाचता येते. पुढच्या वेळी गावातली पोरे गाड्या काढतील, तेव्हा हा धडा त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. मगच त्यांना निघू द्या.