सरळ रेषा कोठे वाकते?

इंदूर आणि संख्याशास्त्र यांचा संबंध शेतीतून जुळला, हे आपल्या शहरातही आता थोड्यांनाच ठाऊक असेल. १९२४ साली आल्बर्ट हॉवर्ड यांनी येथे 'इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री' ही संस्था उभारली. कंपोस्ट खताची 'इंदूर पद्धत' जगभर गेली ती येथूनच. कापसावर संशोधन करणारे डॉ. व्ही. जी. पानसे याच संस्थेत होते. पुढे त्यांनी डॉ. पां. वा. सुखात्मे यांच्यासमवेत लिहिलेला, शेतकी संशोधकांसाठीचा संख्याशास्त्रावरील ग्रंथ १९५४ साली भारतीय कृषी संशोधन परिषदेने प्रसिद्ध केला. ग्रंथकार दोघेही मराठी. ग्रंथ मात्र इंग्रजीत. त्या विद्येतील एक कल्पना मराठीत मांडून पाहावी, एवढाच येथे हेतू आहे.

एका राशीच्या आधारे दुसरीचा अंदाज बांधण्याच्या रीतीला 'समाश्रयण' म्हणतात. मूळ इंग्रजी शब्द 'रिग्रेशन', म्हणजे मागे फिरणे. फार उंच आईबापांची मुले सरासरीने त्यांच्याइतकी उंच नसतात, सर्वसाधारण उंचीकडे परततात, असे फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८६ साली दाखविले. त्यावरून तो रूढ झाला. आज त्या अर्थाचा विषयाशी फारसा संबंध उरलेला नाही. आपल्या परिभाषाकारांनी शब्दाचा अनुवाद न करता 'आश्रय' धरला, हे मला अधिक मार्मिक वाटते.

आता शेतकऱ्याचा जुना प्रश्न घेऊ : गव्हाला नत्र किती द्यावे? समजण्यासाठी काही कल्पित आकडे मानू. हेक्टरी ०, ४०, ८० आणि १२० किलो नत्र दिले असता उत्पन्न अनुक्रमे २०, २८, ३२ आणि ३२ क्विंटल आले. या चार बिंदूंमधून अशी सरळ रेषा काढायची, की प्रत्यक्ष आकडा व रेषेवरचा आकडा यांतील अंतरांच्या वर्गांची बेरीज लहानात लहान यावी. ती रेषा सांगते : २२ क्विंटलपासून आरंभ करा आणि दर किलो नत्रामागे १० किलो गहू वाढवा. रूढ मापाने पाहिले, तर उत्पन्नातील चढउताराचा सुमारे ८३ टक्के भाग ती उलगडते. एवढ्यावर पुष्कळ जण समाधान मानतात.

पण उरलेली अंतरे पाहावीत. ती अनुक्रमे उणे २, अधिक २, अधिक २ आणि उणे २ अशी आहेत. टोकांना रेषा वर, मध्ये खाली. चारच आकड्यांत हा योगायोगही असू शकेल. परंतु अनेक वाफ्यांत, अनेक हंगामांत हाच क्रम दिसला, तर संबंध सरळ नाही, वाकलेला आहे, असे म्हणावे लागते.

मग उपाय काय? मात्रेबरोबर मात्रेचा वर्गही एक स्वतंत्र घटक म्हणून घ्यावा. उत्पन्न = २० + ०.२५ × मात्रा − ०.००१२५ × मात्रेचा वर्ग. (आकडे सोयीचे घेतल्याने हा वक्र चारही बिंदूंतून नेमका जातो, खऱ्या शेतात असे भाग्य नसते.) विद्यार्थी येथे हमखास गोंधळतात, कारण वक्र काढूनही या रीतीला 'रेषीय समाश्रयण' असेच म्हणतात. वर्ग मात्रेचा झाला आहे. जे शोधायचे ते सहगुणक पहिल्या घातातच आहेत. म्हणून न्यूनतम वर्गांची जुनीच रीत पुरते.

या वाकण्यात शेतकऱ्याचा पैसा दडलेला आहे. वक्राचा माथा १०० किलोंवर येतो, उत्पन्न ३२.५ क्विंटल. परंतु एक किलो नत्राची किंमत दहा किलो गव्हाइतकी असेल, तर ६० किलोंवरच थांबणे शहाणपणाचे. त्यापुढील ४० किलो नत्रासाठी ४ क्विंटल गव्हाचे मोल जाते आणि हाती येतो २ क्विंटल. खत उधारीवर आणणाऱ्याला हा हिशेब परवडणारा नाही. सरळ रेषेला हा प्रश्नच विचारता येत नाही. तिच्या लेखी पहिल्या किलोचे आणि शेवटच्या किलोचे फळ एकच.

वक्रावरही आंधळा विश्वास नको. आपले आकडे १२० किलोंपर्यंतचे. त्याच सूत्रात २४० घातले तर उत्पन्न ८ क्विंटलांवर कोसळते, आणि त्याला प्रयोगाचा काहीच आधार नाही. घन, चतुर्थ घात अशी पदे वाढवीत गेले तर कोणतेही चार बिंदू गाठता येतात. ज्ञान मात्र वाढत नाही. जर्मन कृषिशास्त्रज्ञ मिट्शरलिख यांनी १९०९ साली निराळा वक्र सुचविला : तो चढतो, मंदावतो आणि एका मर्यादेला टेकत जातो. त्यात एक अज्ञात घातांकातच बसलेले असल्यामुळे ही रीत खऱ्या अर्थाने अरेषीय ठरते. उत्तर एका दमात निघत नाही, अंदाज पुन्हा पुन्हा सुधारावा लागतो. पूर्वी यात बरेच श्रम जात. संगणक ते क्षणात करतो.

वक्र कोणता घ्यावा, हे मात्र संगणक ठरवीत नाही. माळव्यातील काळ्या जमिनीत पाण्याची एक पाळी चुकली, की खताचे फळ लवकर मंदावते. म्हणून ओलिताच्या आणि कोरडवाहू गव्हाचे आकडे एकाच आलेखात मिसळू नयेत. दोघांचे वक्र वेगळे काढावे लागतात.